संगीतश्रवण

संगीतश्रवण : संगीत, विशेषतः रागसंगीत, अवधानपूर्वक व जाणतेपणाने ऐकण्याची अभ्याससाध्य क्रिया. ध्वनी कानावर पडणे ही शारीरिक घटना असून तीत ऐकणाऱ्याचे कर्तृत्व फारसे नसते. श्रवण ही मात्र मनाची क्रिया होय. ऐकलेला स्वर स्मरणात ठेवणे, चालू स्वराचा मागील स्वरांशी संबंध जोडणे आणि पुढे येणाऱ्या स्वराची अपेक्षा बाळगणे, ही तिची तीन प्रमुख अंगे होत. चित्र किंवा शिल्प पाहणाऱ्यापुढे स्थिर असते. त्याकडे पुनःपुन्हा वळता येते. संगीत काळात उलगडते आणि गेलेला स्वर केवळ श्रोत्याच्या स्मृतीत उरतो. हिंदुस्थानी संगीतात या गोष्टीला अधिकच महत्त्व येते, कारण या संगीतात गायक आधी लिहून ठेवलेली रचना जशीच्या तशी सादर करीत नाही. रागाचे नियम व बंदिशीची चौकट पाळून तो बराचसा विस्तार श्रोत्यांसमक्षच घडवितो. या घडणीकडे लक्ष नसलेल्या श्रोत्याला सुस्वर ध्वनी लाभतो, पण रागाची आकृती लाभत नाही. तानसेनाच्या नावावरून ‘कानसेन’ हा शब्द जाणकार श्रोत्यासाठी रूढ झाला आहे. तो काहीसा विनोदाने योजला जात असला, तरी गाण्याप्रमाणे ऐकणेही कमवावे लागते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

प्राचीन विचार : भारतीय कलाविचारात रसिकाच्या पात्रतेची चर्चा फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकाची लक्षणे सांगितली असून, इंद्रिये स्थिर असणे, तर्क करण्याची क्षमता असणे आणि दुसऱ्याच्या सुखदुःखाशी समरस होता येणे यांचा त्यांत समावेश आहे. हे सर्व गुण एकाच व्यक्तीत आढळत नाहीत आणि वय व स्वभाव यांनुसार आवडी भिन्न असतात, हेही तेथे मोकळेपणाने मान्य केलेले आहे. काश्मीरचा आचार्य अभिनवगुप्त (दहावे-अकरावे शतक) याने ‘सहृदय’ या कल्पनेचे विवरण करताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने आरशासारख्या स्वच्छ झालेल्या मनाचा निर्देश केला. सहृदयता उपजत असली, तरी ती अभ्यासाने निर्मळ करावी लागते, असा या विवेचनाचा आशय आहे.

संगीताच्या क्षेत्रात या विचाराचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात आढळतो. देवगिरीच्या यादवांच्या, विशेषतः सिंघण राजाच्या, आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्यात स्वर, राग, प्रबंध, वाद्ये, ताल व नृत्य यांच्याबरोबरच सभा आणि सभापती यांचीही लक्षणे दिलेली आहेत. संगीत उत्तम होण्यास गायक-वादकांइतकीच सभाही कारणीभूत असते, हे त्यावरून सूचित होते. यादवांचा गायक गोपाल नायक आणि दिल्लीचा कवी अमीर खुसरौ यांच्याविषयीची आख्यायिकाही या संदर्भात लक्षणीय आहे. अलाउद्दीन खल्जीच्या सिंहासनाखाली लपून खुसरौने गोपाल नायकाचे गायन अनेक दिवस ऐकले आणि नंतर ते स्वतः गाऊन दाखविले, असे ती सांगते. तिला ऐतिहासिक आधार नाही. तथापि एका मोठ्या संगीतकाराचे सामर्थ्य तिने गळ्याऐवजी कानात पाहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

खुलताबादची परंपरा : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून सु. २५ किमी. अंतरावर, दौलताबादच्या उत्तरेस व वेरूळच्या लेण्यांनजीक डोंगरपठारावर वसलेले खुलताबाद हे गाव पूर्वी ‘रौझा’ म्हणून ओळखले जाई. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविली, तेव्हा दिल्लीतील अनेक विद्वान व सूफी दक्षिणेत आले. त्यांत दिल्लीचे चिश्ती संत निजामुद्दीन अवलिया यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७) आणि कवी अमीर हसन सिजझी हे प्रमुख होते. बुऱ्हानुद्दीनांचे बंधू मुंतजिबुद्दीन जरजरी जरबख्श (मृ. १३०९) हे त्यापूर्वीच या भागात आले होते. या सर्वांच्या कबरी खुलताबादेत आहेत.

चिश्ती संप्रदायात संगीताच्या द्वारे ईश्वरस्मरण करण्याच्या साधनेस ‘समाअ’ म्हणतात. या अरबी शब्दाचा अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. या साधनेचे नाव गाण्यावरून पडलेले नसून ऐकण्यावरून पडलेले आहे. तिच्यात गाणारा कव्वाल हा साहाय्यक असतो; साधक हा श्रोता असतो. साहजिकच या संप्रदायात श्रवणाच्या रीतीचा जितका बारकाईने विचार झाला, तितका तो अन्यत्र क्वचितच झाला असेल. [→ कव्वाली].

अमीर हसन यांनी १३०८ ते १३२२ या काळातील निजामुद्दीन अवलियांची संभाषणे फवाइद अल्-फुआद या फार्सी ग्रंथात नोंदवून ठेवली. त्यात समाअचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘हाजिम’, म्हणजे चाल करून येणारा. यात एखादा स्वर किंवा चरण कानी पडताच ऐकणारा हेलावून जातो व तसे का झाले हे त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात ऐकलेल्या शब्दांचा अर्थ श्रोता आपल्या अंतःकरणातील विषयाशी, म्हणजे ईश्वराशी किंवा गुरूशी, जोडून घेतो. पहिला प्रकार प्रयत्नाने साधत नाही, दुसरा साधतो. रागसंगीताच्या श्रोत्यालाही हे दोन्ही अनुभव परिचित असतात. लागलेल्या एखाद्या षड्जाने अकस्मात डोळे पाणावणे वेगळे आणि पाऊण तासाच्या विस्तारात रागाची वाट समजत जाण्याचा आनंद वेगळा.

समाअच्या अटी निजामुद्दीनांनी चार घटकांच्या आधारे सांगितल्याचे चौदाव्या शतकातील सियर अल्-अवलिया या चरित्रग्रंथावरून कळते. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचे चित्त ईश्वरस्मरणात असावे, गायचे पद्य अश्लील वा थिल्लर नसावे आणि चंग, रबाब यांसारखी वाद्ये नसावीत. संगीत धर्मदृष्ट्या विहित की निषिद्ध, या प्रश्नाचे त्यांचे उत्तरही श्रोत्याकडेच वळते. ज्याचे मन सर्वस्वी ईश्वराकडे आहे त्याला ते विहित, ज्याचे सर्वस्वी लौकिकाकडे आहे त्याला निषिद्ध; मधल्यांपैकी ईश्वराकडे अधिक झुकलेल्यांना अनुज्ञेय आणि लौकिकाकडे अधिक झुकलेल्यांना अनिष्ट. एकच गाणे एकाच बैठकीत चौघांच्या बाबतीत चार प्रकारचे ठरू शकते, असा याचा अर्थ होतो. हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. गियासुद्दीन तुघलकाच्या कारकीर्दीत (१३२०–२५) उलेमांच्या आक्षेपांवरून निजामुद्दीनांना समाअच्या समर्थनासाठी दरबारातील वादसभेस उपस्थित राहावे लागले होते.

बुऱ्हानुद्दीन गरीब यांची समाअवरील निष्ठा विख्यात होती. भावावस्थेतील त्यांच्या हालचालींची एक स्वतंत्र धाटणी होती व ती अनुसरणाऱ्या सहकाऱ्यांना ‘बुऱ्हानी’ म्हणत. काशानी घराण्यातील बंधूंनी त्यांची वचने व आठवणी नफाइस अल्-अन्फास, अहसन अल्-अक्वाल, गराइब अल्-करामात इ. ग्रंथांत संगृहीत केल्या आहेत. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी (मृ. १३६९) हे दौलताबादेतील एक व्युत्पन्न विद्वान. चरित्रपरंपरेनुसार त्यांचा प्रारंभी समाअला विरोध होता. पुढे बुऱ्हानुद्दीनांच्या सहवासाने तो मावळून ते त्यांचे शिष्य झाले.

श्रवणाचे शिष्टाचार : समाअच्या बैठकीचे नियम सूफींनी प्राचीन आचार्यांकडून घेतले होते. त्यांपैकी गझाली (मृ. ११११) याच्या इह्या उलूम अल्-दीन या ग्रंथातील विवेचन सर्वांत सुसंगत आहे. त्यानुसार श्रवणास काळ, स्थळ आणि सोबती ही तिन्ही अनुकूल असावी लागतात. भोजनाची वा प्रार्थनेची वेळ झालेली असताना अथवा मन अन्यत्र गुंतलेले असताना ऐकू नये. रहदारीची किंवा कुरूप जागा टाळावी. सोबत्यांत संगीताला तुच्छ लेखणारा, ज्याची मर्जी राखावी लागते असा प्रतिष्ठित आणि भावावेशाचे सोंग करणारा, हे तिघे नसावेत. श्रोत्याने मस्तक लववून स्थिर बसावे, इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहू नये, खोकणे-जांभया देणे आवरावे आणि स्वतःला सावरणे शक्य आहे तोवर उठू नये किंवा आवाज करू नये. एखाद्यास खराखुरा आवेश येऊन तो उभा राहिला, तर मात्र इतरांनीही त्याच्याबरोबर उभे राहावे. गझालीने श्रवणाच्या तीन क्रमिक अवस्था मानल्या आहेत : प्रथम आकलन, आकलनातून भावावस्था आणि भावावस्थेतून देहाची हालचाल. हा क्रम उलटून केलेली हालचाल, लोकांना दाखविण्यासाठी असेल तर, दांभिकपणा ठरते.

आवेशाला मज्जाव न करता त्याच्या खरेपणाची अट घालणे, हे या नियमांचे वैशिष्ट्य होय. रागसंगीताच्या मैफलीत दाद देण्याचा संकेत याच तत्त्वावर उभा आहे. समेवर सहज आलेली मान आणि योग्य जागी उमटलेला उद्‌गार गायकाला उत्तेजन देतो. पुष्कळदा विस्ताराची पुढील दिशाही त्यावरून ठरते. उलट तान संपण्यापूर्वी केलेला ‘वाहवा’चा गजर गायकाचा भंग करतो आणि शेजाऱ्याचे अवधानही मोडतो.

औरंगजेब व संगीत : जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात मोगल बादशाह औरंगजेब (१६१८–१७०७) याची उघड्या आकाशाखालील साधी कबर आहे. त्याच्या ‘खुल्द-मकान’ या मरणोत्तर उपाधीवरून रौझा हे गाव खुलताबाद म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याने संगीताचा समूळ उच्छेद केला, असा समज रूढ आहे. तथापि अलीकडील संशोधनाने तो बऱ्याच अंशी दुरुस्त केला आहे. सु. १६६८ पासून त्याने स्वतः संगीत ऐकणे सोडले व दरबारातील गायनही बंद केले, परंतु उमराव व शाहजादे यांच्याकडे ते चालू राहिले आणि फकिरुल्लाच्या रागदर्पण (सु. १६६६) या ग्रंथासह कितीतरी संगीतविषयक ग्रंथ त्याच्याच कारकीर्दीत लिहिले गेले. मआसिर-इ-आलमगिरी या बखरीतील एका प्रसंगात संगीतज्ञ मिर्झा मुकर्रम खान सफवी याने त्याला संगीताविषयीचे मत विचारले असता, जे पात्र आहेत त्यांना ते अनुज्ञेय आहे, असे उत्तर त्याने दिले. मग आपण ते का ऐकत नाही, या प्रश्नावर त्याने सांगितले, की वाद्यांवाचून, विशेषतः पखवाजावाचून, गाण्यात गोडी वाटत नाही आणि वाद्ये तर निषिद्ध आहेत. म्हणून गाणेही सोडले. हे उत्तर अरसिकाचे नव्हे. संगीताची योग्यायोग्यता श्रोत्याच्या पात्रतेवर अवलंबून असते, हे तत्त्व त्यात स्वीकारलेले असून त्या तत्त्वाच्या आधारे एका श्रोत्याने स्वतःपुरता काढलेला निष्कर्ष त्यात आहे. त्याच तत्त्वावरून चिश्ती संतांनी याच्या नेमका विरुद्ध निष्कर्ष काढला होता. दोन्ही निष्कर्ष एकाच आवारात विसावलेले आहेत.

समाअ व रागसंगीताचे श्रवण ही एकरूप मानता येत नाहीत. समाअमध्ये शब्द व त्यांचा आध्यात्मिक अर्थ यांना प्राधान्य असते आणि संगीत हे साधन असते. रागसंगीतात स्वराकृती हेच साध्य असते व शब्द पुष्कळदा तिचा आधार असतात. तथापि ख्यालाच्या विकासात कव्वालांच्या घराण्यांचा वाटा परंपरेने मानला जातो आणि श्रवणाच्या संस्काराबाबत दोहोंत नाते आहे. [→ ख्याल].

महाराष्ट्रातील आधुनिक श्रोतृवर्ग : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रागसंगीत मुख्यतः दरबार, देवस्थाने व श्रीमंतांच्या बैठकी यांपुरते मर्यादित होते. मुंबईची पारसी गायन उत्तेजक मंडळी (१८७०) व पुण्याचा गायन समाज (१८७४) या संस्थांमुळे शिक्षित मध्यमवर्गाला ते नियमितपणे ऐकता येऊ लागले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांना गायन उत्तेजक मंडळीत अनेक गुणिजनांचे गायन ऐकावयास मिळाले. त्यांचा हिंदुस्थानी संगीत पद्धती हा मराठी ग्रंथ संवादरूप असून, राग कसा ओळखावा व सारख्या रागांतील भेद कसा पाहावा, याचे तो वस्तुतः दीर्घ श्रवणशिक्षणच होय. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफलींना प्रतिष्ठा मिळवून दिली.

महाराष्ट्रात सर्वसामान्यांचा कान घडविण्याचे मोठे कार्य मराठी संगीत नाटकाने केले. गोविंदराव टेंबे यांच्या चालींचे मानापमान (१९११) आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींचे स्वयंवर (१९१६) यांतील अनेक पदे रागदारीतील बंदिशींवर आधारलेली होती. रागाचे नाव ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही पदाच्या आठवणीने त्या रागाची चाल ओळखीची वाटू लागली. पुढे आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम (१९५२ पासून) व पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव (१९५३ पासून) यांनी हा वर्ग विस्तारला. वामनराव देशपांडे यांचे घरंदाज गायकी (१९६१) हे पुस्तक गायक-वादकांइतकेच श्रोत्यांनाही घराण्यांकडे कसे पाहावे ते दाखविते. त्याचे लेखक व्यवसायाने हिशेबतपासनीस होते.

श्रवणाचा अभ्यास : रागसंगीत ऐकण्यास गाता येणे आवश्यक नसते, परंतु लक्ष कोठे द्यावे हे कळावे लागते. आरंभ तंबोऱ्यापासून करणे इष्ट. मैफलीपूर्वी तंबोरे जुळत असताना पुष्कळ श्रोते गप्पा मारतात. वास्तविक कान तयार होण्याचा तोच काळ होय. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही निघतात. मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला उपस्वर शुद्ध गंधाराचा असल्याने, कोणी न छेडलेला हा ‘स्वयंभू गंधार’ उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो. तो ऐकू येऊ लागला, की कान सूक्ष्म झाला असे समजावे. एकदा षड्ज मनात रुजला, की प्रत्येक स्वराचे त्यापासूनचे अंतर व ओढ जाणवू लागते.

दुसरी पायरी तालाची. त्रितालात सोळा मात्रा असून पहिल्या मात्रेवर सम व नवव्या मात्रेवर काल असतो. नवख्याने मध्य लयीतील त्रितालाच्या बंदिशीचा मुखडा लक्षात ठेवून तो समेवर कसा येतो, हे पाहावे. विलंबित एकतालात मात्रा बाराच असल्या, तरी अतिविलंबित लयीत एका आवर्तनास पाऊण ते एक मिनिट लागू शकते. तेथे मात्रा मोजीत बसण्यापेक्षा ठेक्यातील बोलांचा मागोवा घेणे सोपे जाते. समेची वाट पाहता येऊ लागली, की विस्तार हा स्वरांचा पसारा न वाटता एक प्रवास वाटू लागतो.

तिसरी पायरी रागाची. राग केवळ स्वरांच्या यादीने सिद्ध होत नाही, हे जोडीने ऐकण्याने सर्वांत चांगले कळते. भूप व देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर असतात. भूपात गंधार प्रमुख असून विस्तार पूर्वांगात रमतो व तो सायंकाळनंतर गातात. देशकारात धैवत प्रमुख असून उत्तरांगाला प्राधान्य असते व तो सकाळी गातात. मारवा, पूरिया व सोहनी यांच्यातही असाच स्वरसाम्यातील भेद आहे. दोन-चार बैठकींत असे राग लागोपाठ ऐकल्यास न्यास, वादी, अंग इ. संज्ञांना अनुभवाचा आधार मिळतो. संज्ञा आधी पाठ करून मग त्या गाण्यात शोधू लागल्यास श्रवण परीक्षेसारखे होते. राग ओळखला म्हणजे ऐकणे संपले, हा जाणकारांतही आढळणारा एक दोष आहे; वास्तविक ऐकणे तेथून सुरू होते. एकच राग व एकच बंदिश निरनिराळ्या गायकांकडून ऐकल्यावर आवाजाचा लगाव, लयीशी असलेले नाते, बोलांची फेक व तानांची जात यांतील भेद ध्यानी येतात आणि घराण्याची कल्पना स्पष्ट होते.

ध्वनिमुद्रण व अवधान : भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये प्रारंभ झाला. प्रारंभीच्या तबकड्यांवर सु. तीन मिनिटांचेच गायन मावत असे. गायकांना ख्यालाचा सारांश तेवढ्यात मांडावा लागे व श्रोतेही तो पुनःपुन्हा ऐकून आत्मसात करीत. आज भ्रमणध्वनीवर अगणित तासांचे संगीत कोणासही केव्हाही उपलब्ध आहे. जे ऐकण्यासाठी पूर्वी गावोगाव हिंडावे लागे ते घरबसल्या मिळते व एकच जागा दहादा ऐकून तपासता येते, हा मोठाच लाभ होय. परंतु काम करताना किंवा प्रवासात पार्श्वभूमीला चालू ठेवलेले संगीत आणि आलाप ओलांडून थेट द्रुत लयीकडे जाण्याची सवय यांमुळे श्रवणास आवश्यक असलेली स्मृती व प्रतीक्षा क्षीण होते. गझालीने सांगितलेल्या तीन अटींपैकी काळ व स्थळ यांची सक्ती यंत्राने नाहीशी केली आणि सोबत्यांचीही गरज उरू दिली नाही; ती तिन्ही आता श्रोत्याला स्वतः ठरवावी लागतात. दिवसातील एक ठराविक वेळ, एक शांत जागा, आवडीचा एखादा सोबती आणि आरंभापासून अखेरपर्यंत ऐकलेला एकच राग, एवढ्याने अभ्यासास सुरुवात होते.

खुलताबादेत उरुसाच्या काळात आजही कव्वाली होते. तेथील गर्दीत भाविक, हौशी व केवळ बघे असे सर्व प्रकारचे लोक असतात. एकाच आवाजाचा त्यांपैकी प्रत्येकावर होणारा परिणाम निराळा असतो. त्याचे कारण गाण्यात जितके, तितकेच ऐकणाऱ्यात असते, हे चौदाव्या शतकात तेथील संतांनी मांडलेले मत संगीतश्रवणाच्या कोणत्याही शिक्षणाचा पाया ठरण्याजोगे आहे.